दहावीचं गणित: पासाची रेघ खाली आणण्याआधी प्रश्नपत्रिका बदला

फळाखडू

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातला एक मुद्दा बाहेर आला आणि कितीतरी शाळांच्या शिक्षकखोल्यांत दुसरा विषय उरला नाही. दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी मूल उत्तीर्ण, फक्त गुणपत्रिकेवर शेरा येणार की या विषयांचं पुढचं शिक्षण त्याला घेता येणार नाही. नव्या अभ्यासक्रमाबरोबर हे लागू व्हायचं आहे. म्हणजे बोलायला अजून वेळ आहे, म्हणून हा धागा काढतोय.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात नववी-दहावीला गणित शिकवतो. माझं म्हणणं असं की ३५ की २० यावर भांडण्यात आपण चुकीच्या जागी जोर लावतोय. आजच्या प्रश्नपत्रिकेत ३५ मिळवलेल्या मुलाला नेमकं काय येतं हे मला सांगता येत नाही. ९५ वाल्याबद्दलही छातीठोकपणे सांगणार नाही.

पेपर कसा असतो ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भाग १ म्हणजे बीजगणित, भाग २ म्हणजे भूमिती. प्रत्येकी ४० गुण, दोन तास. वरचे २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. प्रत्येक पेपरात ४ गुणांचे बहुपर्यायी प्रश्न आणि ७ गुणांचे 'कृती पूर्ण करा' प्रकारचे, म्हणजे चौकटी भरायच्या. चौकटींमागचा हेतू चांगला होता. कच्च्या मुलाला पायऱ्या दिसाव्यात, कोरं पान बघून त्याने हातपाय गाळू नयेत. पण प्रत्यक्षात काय होतं बघा. क्ष² − १५क्ष + ५४ = ० हे समीकरण. पुढची ओळ छापलेलीच: क्ष² − ६क्ष − चौकट + ५४ = ०. मूल चौकटीत ९क्ष भरतं, खालच्या कंसात ९ भरतं, शेवटी क्ष = ६ किंवा क्ष = ९. पैकीच्या पैकी. असा पेपर झाला की मी वर्गात विचारतो, "आता ९ मूळ समीकरणात घालून बघा, काय येतं?" अर्धा वर्ग गप्प. ८१ वजा १३५ अधिक ५४ करून शून्य येतं, म्हणून ९ ही उकल, हे फळ्यावर मांडलं की लगेच प्रश्न येतो, "सर, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं की पेनं खाली.

मुलांचा यात दोष नाही. आपण जे मोजतो तेच ती शिकतात.

अंतर्गत २० गुणांचं तर बोलायलाच नको. गृहपाठ आणि चाचणीचे हे गुण आमच्या भागात १८ च्या खाली क्वचितच जातात, कारण कमी दिले तर शाळेचा निकाल घसरतो आणि जाब शिक्षकालाच विचारतात. हे गुण धरून २० वर पास करायचं असेल, तर लेखी पेपरात मुलाने करायचं काय उरलं?

मला हवंय ते एवढंच. सीबीएसईने २०२० पासून दहावीला 'बेसिक' आणि 'स्टँडर्ड' असे दोन पेपर ठेवले, तसे दोन स्तर आपणही ठेवावेत. आणि दोन्ही पेपरांत पडताळा घ्या, चूक शोधा, कारण लिहा असे प्रश्न सक्तीचे असावेत.

रानजाई

सर, कळकळ पोचली. पण तुम्ही शाळेत टिकलेल्या मुलांबद्दल बोलताय. मी नंदुरबारकडे गळती झालेल्या मुलींसोबत काम करते. आमच्याकडे मुलगी दहावीला गणितात नापास झाली की घरात पुढची बोलणी सुरू होतात. पुरवणी परीक्षा आहे, शाळेबाहेरून परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म आहे, सगळं कागदावर आहे. तोवर मुलीचं लग्न ठरलेलं असतं किंवा ती आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेली असते.

या मुलीला अकरावी कला शाखेला जायचंय. तिला त्रिकोणमिती कशाला लागणार आहे? इतिहास, मराठी, भूगोल या सगळ्यांत पास झालेली मुलगी एका विषयासाठी आपण दारात अडवतो. आणि ३५ ही काही पवित्र रेघ नाही. गणित आणि विज्ञान मिळून ७०, प्रत्येकी किमान २५, असं कंबाइंड पासिंग आजही चालतंच. पूर्वी 'सामान्य गणित' हा पर्याय होता, नवा अभ्यासक्रम आला तसा तो बंद झाला. तेव्हा कुणी धागा काढला नाही.

प्रश्नपत्रिका सुधारायला दहा वर्षं लागतील. तोवर ज्या मुली बाहेर पडतील त्यांचं काय? २० करा, आत्ता करा. पेपर नंतर सुधारत बसा.

पूर्णविराम

रानजाई, तुमच्या हेतूबद्दल आदर आहे. उपाय मात्र मला घातक वाटतो.

मी तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला गणित शिकवतो. आमच्याकडे येतात ती पास झालेली मुलं, त्यांतली कित्येक ८०-८५ वाली. वर्कशॉपमध्ये पाव इंच आणि तीन अष्टमांश यांतलं मोठं कोणतं विचारलं तर थबकतात. मुलांना काय येतं याची पाहणी करणाऱ्या 'असर'चा २०२३ चा अहवाल ग्रामीण भारतातल्या २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांवर होता. तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणं त्यांतल्या ४३.३ टक्क्यांनाच जमलं. हे तिसरी-चौथीचं गणित आहे. दहावीची रेघ २० वर आणली म्हणून हा भागाकार येणार नाही, तो येत नाही हे दिसायचं फक्त बंद होईल.

आपल्या बोर्डाच्या निकालाकडेच बघा ना. २०१८ ला ८९.४१ टक्के, २०१९ ला ७७.१०, २०२० ला ९५.३०. दोन वर्षांत मुलं आधी ढ झाली आणि मग हुशार झाली का? २०१९ ला भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढले होते, पुढच्या वर्षी परत दिले. निकाल असा एका परिपत्रकाने वरखाली होतो, शिकवणं तिथंच राहतं.

आणि फळाखडू, तुमच्या दोन स्तरांनाही माझा विरोध आहे. सोपा पेपर कुणाच्या वाट्याला येईल ते लिहून ठेवा. जिथे गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे, जिथे बाकीचे विषय शिकवणारे सर गणिताचा तास घेतात, तिथे नववीतच मुख्याध्यापक सांगतील की आमची सगळी मुलं खालच्या स्तराला. निकाल शंभर टक्के. आणि त्या मुलांच्या डिप्लोमाचा, विज्ञान शाखेचा रस्ता चौदाव्या वर्षी बंद.

सातासमुद्र

पूर्णविराम यांच्या शेवटच्या मुद्द्यावर थोडं. मी इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत गणित शिकवते. इथे सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई या शालान्त परीक्षेला गणिताचे दोन स्तर आहेत, फाउंडेशन आणि हायर. फाउंडेशनला कितीही चांगला पेपर लिहिला तरी वरची श्रेणी ५, हायरला ९. भीती खरी आहे: मूल कोणत्या गटात बसणार हे बरंच आधी ठरून जातं आणि मग गट बदलणं अवघड होतं.

पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. तीन पेपरांपैकी दोनांत कॅल्क्युलेटर चालतो, त्यामुळे नुसत्या आकडेमोडीवर गुण जात नाहीत. आणि श्रेणी ४ मिळाली नाही तर पुढच्या शिक्षणात गणित सुटत नाही, ते चालू ठेवावं लागतं. तुमच्या शेऱ्यात नेमकं उलटं आहे. ज्याला गणित येत नाही त्याला राज्य सांगतंय, आता शिकूही नकोस.

निवृत्त नियामक

मी बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, नंतर नियामक म्हणून, म्हणजे परीक्षकांनी तपासलेले गठ्ठे पुन्हा बघण्याचं काम केलं. फळाखडू सरांना एक व्यवहाराची अडचण सांगतो.

दरवर्षी दहावीला १५-१६ लाख विद्यार्थी बसतात. गणिताचे दोन पेपर, म्हणजे तीस लाखांवर उत्तरपत्रिका. त्या तपासणारा शिक्षक शाळेचे तास सांभाळून तपासतो. त्याच्या हातात नमुना उत्तर असतं, पायरीगणिक गुण ठरलेले असतात. 'कारण लिहा' या प्रश्नाला एक मूल चार ओळी लिहील, दुसरं आकृती काढेल, तिसरं उदाहरण देईल. नागपूरचा परीक्षक दोन गुण देईल, कोल्हापूरचा अर्धा. मग पालक फेरतपासणीला धावतील. चौकटी आल्या त्या यासाठीही आल्या. चौकटीत एकच उत्तर बसतं, वाद होत नाही.

मात्र त्यांचं निदान बरोबर आहे. भाग २ मध्ये प्रमेय सिद्ध करायला येतं. प्रश्नात त्रिकोणाला पफर नाव दिलं, तर मुलं आकृतीला पफर लिहितात आणि खाली सिद्धता अबक ची. पाठ केलेली सिद्धता, पुस्तकातल्या अक्षरांसकट. विधान आणि कारण असे दोन रकाने सुबक आखलेले, एकही पायरी चुकलेली नाही, फक्त ती त्या आकृतीची नाही. असे गठ्ठेच्या गठ्ठे बघितलेत. बहुतेक परीक्षक गुण देतात, कारण मूल नापास करायचं त्याच्या जिवावर येतं. माझ्याही येत असे.

माझं मत: बोर्डाचा पेपर आहे तसा राहू द्या, अंतर्गत २० गुण खरे करा. तोंडी घ्या. मुलाला समोर बसवून पाच मिनिटं विचारलं की सगळं कळतं.

ओवीची आई

या चर्चेत एक बाजू राहतेय म्हणून लिहिते. माझ्या मुलीला गणिताची अध्ययन अक्षमता आहे. अशा मुलांना आपल्या बोर्डाची सवलत आहे, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि सोबत कार्यानुभवाचा विषय. तिने ते घेतलं. त्या वर्षी तिने पहिल्यांदा व्याज, शेकडेवारी, क्षेत्रफळ समजून सोडवलं, कारण पुस्तक तिच्या पेलण्यातलं होतं. बँकेचं पासबुक आता ती वाचते. तिला २० गुणांवर पुढे ढकललं असतं तर यातलं काहीच आलं नसतं.

पण ते प्रमाणपत्र मिळवायला शहरातल्या सरकारी रुग्णालयाच्या चकरा, चाचण्या, रजा. आम्हाला परवडलं. गावाकडच्या किती मुलांना हीच अडचण असेल आणि घरी-दारी 'मठ्ठ' म्हणून मार खात असतील? रानजाईताई, तुमच्या मुलींमध्येही असतील.

फळाखडू

सगळ्यांचे प्रतिसाद नीट वाचले.

रानजाई, शेऱ्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत आणि माझा मुख्य आक्षेप तिथंच आहे. २० गुणांची मुलगी कला शाखेला जाईल, बारावी होईल आणि मग पोलीस भरतीचा फॉर्म भरेल. आमच्याकडे सकाळी मैदानावर धावणाऱ्या मुली तुम्हीही बघत असाल. त्या लेखी परीक्षेत अंकगणित आहेच. शेकडेवारी, काळ-काम-वेग, नफा-तोटा. तिथे कुणी २० वर सोडणार नाही. म्हणजे दहावीला आपण अडवलं नाही, चार वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी अडवलं, आणि तेव्हा तिला शिकवायला शाळा नाही. ओवीच्या आईंनी सांगितलं तो मार्ग मला खरा वाटतो: पेलेल असं गणित, पण पुरतं शिकवलेलं. खालचा स्तर म्हणतो तो मी याच अर्थाने.

पूर्णविराम, तुमची भीती मला मान्य आहे. म्हणून स्तर शाळेने ठरवू नये, फॉर्म भरताना मुलाने आणि पालकांनी ठरवावा, आणि खालच्या स्तराला पास झालेल्याला वरचा पेपर पुरवणीला देता यावा. दार बंद करणारा शेरा कुणाच्याच गुणपत्रिकेवर नको.

नियामक सर, तोंडी परीक्षेला मी एका पायावर तयार आहे. पण साठ-पासष्टच्या तुकड्या आहेत, आणि तोंडीचे गुणही निकालाच्या दबावाखाली १८ च होतील. 'कारण लिहा' ला मात्र नमुना उत्तर करता येतं. पुढच्या घटक चाचणीत मी हा प्रश्न घालणार आहे: 'एका विद्यार्थ्याने एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहिलं. बेरीज न करता हे उत्तर चुकीचं आहे हे कसं ओळखाल?' दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षाही कमी आहे, आणि अर्ध्यात काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी येणार नाही. एवढं ज्या शब्दांत येईल त्या शब्दांत दोन गुण. आकृती काढून दाखवलं तरी दोन. नागपूर काय आणि कोल्हापूर काय, यात मतभेदाला जागा कुठे आहे?

निवृत्त नियामक

या प्रश्नात नाही, मान्य. पण असे प्रश्न दरवर्षी नवे काढावे लागतील. एकदा बोर्डाला आला की पुढच्या वर्षी तो अपेक्षित प्रश्नसंचात उत्तरासकट छापून येतो आणि मुलं तेही पाठ करतात. प्रश्न काढणाऱ्यांची तयारी हा वेगळाच विषय आहे, त्यावर पैसा आणि वेळ कुणी खर्च करत नाही.

रानजाई

सर, शेरा जावा हे मलाही मान्य. तो मुलीच्या कपाळावर मारलेला शिक्का आहे, लग्नाच्या बैठकीतही गुणपत्रिका बघतात आमच्याकडे. पोलीस भरतीचा मुद्दाही कळला. माझ्या केंद्रातल्या मुलींना अंकगणित मी स्वतः शिकवते, त्यामुळे त्याची गरज मला पटवून द्यायला नको.

तरी २० वर मी ठाम आहे. तुमचा दोन स्तरांचा पेपर ज्या वर्षी खरोखर छापून येईल त्या वर्षी ही सवलत काढा, मी विरोध करणार नाही. पण येत्या मार्चला बसणाऱ्या मुलीला तुम्ही 'थांब, व्यवस्था सुधारतेय' असं सांगू नका. ती थांबू शकत नाही. अकरावीत नाव लागलं तर तिला निदान दोन वर्षं घराबाहेर मिळतात, आणि त्या दोन वर्षांत भागाकार शिकवता येतो.