मदत हवी आहे : कोविडनंतर खुब्याचं दुखणं, ऑपरेशन करावं की थांबावं?

नमस्कार मंडळी. माझे मोठे दीर 2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजनवर होते. स्टिरॉइड भरपूर द्यावी लागली. त्यावाचून इलाजच नव्हता, त्यामुळे तक्रार नाही. दम लागणं हळूहळू थांबलं, पण मग डाव्या जांघेत दुखायला लागलं. घरात सगळे 'अशक्तपणा असेल' म्हणत शेक देत बसले. आता मांडी घालून जेवायला बसता येत नाही, एसटीत चढताना पाय हाताने उचलून पायरीवर ठेवतात.

एमआरआयमध्ये एव्हीएन निघालं, दुसरी स्टेज. म्हणजे खुब्याच्या गोलाचा रक्तपुरवठा कमी होऊन हाड मरत जातं. एक डॉक्टर म्हणतात, गोल अजून दबलेला नाही तोवर कोअर डीकम्प्रेशन (हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करायचं ऑपरेशन) करून घ्या. दुसरे म्हणतात, गोळ्या आणि कुबड्यांवर थांबा, वेळ आलीच तर पुढे खुबा बदलू.

कुणाच्या घरी कोविडनंतर असं झालंय का? डीकम्प्रेशननंतर पायावर वजन कधी टाकू दिलं? महात्मा फुले योजनेत हे बसतं का? दुसरा खुबाही तपासून घ्यावा का? नाशिककडचे अनुभव असतील तर फार बरं. तेलं आणि काढे कृपया नकोत, सासूबाईंचे सगळे करून झालेत.