जुन्या जाहीर नोटिशीत सही करणारी ही बाई कोण? (पुणे, १९३९)

नारायणपेठी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

आमच्या पणजोबांचं रविवार पेठेत तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं आणि बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. घरातले सगळे जुने कागद, पत्रिका, दुकानाच्या वह्या, लग्नाच्या याद्या, सगळं १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात गेलं. आजोबा सांगायचे की पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर वह्यांचा नुसता लगदा झालेला, शाई सगळी एकमेकांत उतरलेली. त्यामुळे त्याच्या आधीचं आमच्याकडे लेखी काहीच नाही, जे आहे ते सगळं ऐकीव.

आता नाशिकच्या चुलत आत्याकडे एका पोथीत पेपरचं कात्रण मिळालंय. पेपरचं नाव कापलं गेलंय, तारीख नाही. पण मागच्या बाजूला वॉर्सावर जर्मन विमानांनी बाँब टाकल्याची अर्धी बातमी आहे, म्हणजे सप्टेंबर १९३९ धरायला हरकत नसावी. पुढच्या बाजूला जाहीर नोटीस, 'सर्व लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की' अशी सुरुवात, मग पणजोबांचे धाकटे बंधू दुकानातून वेगळे झाले आहेत, यापुढे त्यांनी केलेल्या देण्याघेण्यास दुकान जबाबदार नाही वगैरे. खाली तीन नावं. पणजोबा, धाकटे बंधू आणि तिसरं नाव 'गं. भा.' अमुक.

हे तिसरं नाव घरात कुणीच ऐकलेलं नाही! पणजीचं नाव वेगळं, आणि पणजोबा हयात असताना ती गं. भा. कशी असेल. पणजोबांची आई तर त्याच्या बरीच आधी गेलेली. पणजोबांना एक थोरले भाऊ होते पण ते 'लहानपणीच गेले' असं सगळे सांगतात. मग ही बाई कोण आणि तिची सही दुकानाच्या नोटिशीत कशाला? परत आलेली विधवा बहीण असेल का? कुणाला असल्या नोटिशी वाचायचा अनुभव असेल तर सांगा, मला खरंच हिचा शोध लावायचाय.

दिवाणी_दावा

ताई, कात्रण फार मोलाचं आहे, जपून ठेवा. मी कोर्टातच काम करतो, जुन्या मिळकतींचे टायटल तपासताना अशा नोटिशी रोज बघाव्या लागतात म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जाहीर नोटीस कुणी हौसेने देत नसे. पैसे पडायचे, शिवाय घरातलं चारचौघांत जायचं. म्हणजे जिचं नाव छापलंय तिचा त्या दुकानात काहीतरी हक्क होता किंवा उद्या ती हक्क सांगेल अशी धास्ती होती. बहीण असण्याची शक्यता मला कमी वाटते, त्या काळी भाऊ असताना बहिणीला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा नव्हताच, तिची सही घ्यायचं कारण नाही.

आता वर्ष बघा. हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा १४ एप्रिल १९३७ ला लागू झाला. त्याआधी एकत्र कुटुंबातला माणूस गेला की त्याचा हिस्सा बाकीच्या भावांकडे जायचा आणि विधवेला फक्त पोटगी म्हणजे अन्नवस्त्र. ३७ नंतर मात्र नवऱ्याचा एकत्र कुटुंबातला हिस्सा तिच्याकडे आला, विकायला मोकळीक नव्हती, हयातीपुरताच, पण वाटणी मागायचा हक्क मिळाला. म्हणून १९३७ नंतरच्या नोटिशींमध्ये विधवांची नावं एकदम दिसायला लागतात, त्याच्या आधीच्या नोटिशीत त्याच घरातली बाई असून नसल्यासारखी असते.

पण हा कायदा मागे जाऊन लागू नव्हता. नवरा १९३७ च्या आधी गेला असेल तर त्याच्या विधवेला याचा उपयोग नाही. म्हणजे ही थोरल्या भावाची विधवा असेल आणि स्वतःच्या हिश्शासाठी सही करत असेल, तर थोरले बंधू एप्रिल ३७ ते सप्टेंबर ३९ या दरम्यान गेले असं होईल. मग ते लहानपणी गेले ही गोष्ट चूक. आणि ते खरंच पूर्वी गेले असतील तर ती दुसऱ्या कुणासाठी तरी सही करतेय. तिच्या नावाच्या पुढे मागे बारीक अक्षरात 'अ. पा. क.' असं काही आहे का ते भिंगाने बघा. अज्ञान पालनकर्ती. ते असेल तर एक अल्पवयीन मुलगा आहे या गोष्टीत.

नारायणपेठी

सर, अंगावर काटा आला. कात्रण खिडकीपाशी धरून मोबाईलने मोठं करून बघितलं. नावानंतर 'स्वतःकरिता व अ. पा. क. चि.' एवढं दिसतंय आणि तिथेच घडी फाटलीये. मुलाचं नाव नेमकं त्या फटीत गेलंय, पुढच्या ओळीत फक्त आडनावाची शेवटची दोन अक्षरं, ती आमच्याच आडनावाची.

म्हणजे आम्हाला एक चुलत शाखा आहे आणि आम्हाला माहीतच नाही??

माहेर_वाई

नारायणपेठी ताई, मुलगा दत्तक असू शकतो हे पण डोक्यात ठेव. आपल्या मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याने परवानगी दिलेली नसली तरी दत्तक घेता यायचा, मद्रासकडे तसं नव्हतं, आणि त्यावरून घराघरांत भांडणं झालीयेत कारण दत्तक आला की दिरांच्या हातातला हिस्सा गेला. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. आजीच्या थोरल्या जावेने बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, पुढे कोर्टकज्जा झाला, बोलणं बंद झालं आणि पुढच्या पिढीला 'ते वारले, मूलबाळ नव्हतं' एवढंच सांगितलं गेलं. आमच्या कुलवृत्तांतात सुद्धा त्या भावापुढे निर्वंश छापलंय, आणि तो मुलगा चांगला नोकरी करून, चार मुलं वाढवून, मिरजेला घर बांधून गेला. वाईट वाटतं गं, माणसं जिवंत असताना कागदावरून पुसली गेली.

दत्तक असेल तर मुलाचं पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव तिन्ही बदललेली असणार. जन्माची नोंद शोधायला गेलीस तर ती जनक घराच्या नावाने असेल. म्हणून आधी त्या बाईचं माहेर शोध. आणि माहेर शोधायचं तर तिचं लग्नातलं नाव उपयोगाचं नाही कारण नाव बदललेलं असतं, तिच्या भावांच्या घरच्या निधनाच्या जाहिराती किंवा पुण्यस्मरणं बघ. त्यात बहिणी सासरच्या आडनावाने दिलेल्या असतात, 'सौ. अमुक, पुणे', 'गं. भा. तमुक, पुणे' असं. आम्हाला मिरजेचं घर अशाच एका प्रथम पुण्यस्मरणातून सापडलं, खाली शोकाकुल म्हणून भाच्यांची नावं गावासकट होती.

दिवाणी_दावा

माहेर वाई ताईंशी सहमत, दत्तकाची शक्यता मोठी आहे. मग थोरले बंधू १९३७ च्या आधी गेले असले तरी गणित जमतं, हिस्सा मुलाच्या नावाने आणि सही पालक म्हणून आईची.

आणखी एक. दुकान नुसतं एकत्र कुटुंबाचं न राहता भागीदारी म्हणून चालवलं असेल तर १९३२ चा भागीदारी कायदा लागतो. त्यात अज्ञान मुलाला भागीदारीच्या फायद्यात घेता येतं आणि तो सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने भागीदार राहणार की नाही याची जाहीर नोटीस द्यायची असते. नाही दिली तर तो आपोआप भागीदार होतो आणि देणीपण अंगावर येतात, म्हणून नको असलेला माणूस नोटीस देतोच. तसं झालं असेल तर १९४० नंतर कधीतरी त्याच दुकानाच्या नावाने, मुलाच्या स्वतःच्या नावाची दुसरी नोटीस निघालेली असणार. नोंदणी झालेली फर्म असेल तर भागीदार बाहेर पडल्याची नोटीस सरकारी गॅझेटमध्ये आणि त्या जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका देशी भाषेतल्या पेपरात अशी दोन्हीकडे द्यावी लागते. म्हणजे पेपर फाटला तरी गॅझेट आहे. मुंबई सरकारची जुनी गॅझेटं काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागारात बघायला मिळतात.

पेपरसोबत सिटी सर्व्हेला जाऊन रविवार पेठेतल्या जागेची मिळकत पत्रिका काढा (दुकान भाड्याचं नसेल तर). आणि दुय्यम निबंधकाकडे जुना इंडेक्स २ चा सर्च. वाटणीपत्र, हक्कसोड किंवा दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर पक्षकारांचं वय, धंदा, राहण्याचं ठिकाण सगळं मिळतं. दत्तकपत्र नोंदवलंच पाहिजे असं मात्र नव्हतं, तेव्हा नाही मिळालं तर दत्तक झालाच नाही असं समजू नका.

जुनी_फाईल

मी ग्रंथालयात काम करायचो म्हणून फक्त पेपरांबद्दल सांगतो. १९३९ चं पुणं म्हणजे सकाळ (१ जानेवारी १९३२ पासून), ज्ञानप्रकाश आणि केसरी हे आधी बघा. ज्ञानप्रकाश १८४९ ला निघाला, १९०४ पासून दैनिक, १९५१ ला बंद. कात्रणाचा टाईप आणि कॉलमची रुंदी एखाद्या ठरलेल्या तारखेच्या अंकाशी ताडून बघा, पेपर कुठला ते तिथेच कळतं, पट्टी घेऊन जा. पुण्यात नगर वाचन मंदिर, केसरीवाड्यातलं ग्रंथालय, मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एशियाटिक सोसायटी. एशियाटिकचं ग्रंथसंजीवनी पोर्टल घरबसल्या बघता येतं. स्कॅनवर नाव टाईप करून सर्च मारण्यावर विसंबू नका, जुना मराठी टाईप मशीनला नीट वाचता येत नाही. तारखेने जा आणि डोळ्यांनी वाचा.

फायली मागताना वर्ष आणि महिना सांगा. त्या काळचा न्यूजप्रिंट कडेने इतका ठिसूळ झालेला असतो की पान उलटताना कोपरा हातात येतो, तर दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उलटायचं. फ्लॅश बंद. तुमच्या कात्रणाला सेलोटेप अजिबात लावू नका आणि लॅमिनेशन तर नकोच. फाटलेली घडी हळूच सपाट करून, मागून उजेड देऊन फोटो काढा, कधीकधी दुमडीत अक्षराचा अर्धा भाग अडकलेला असतो.

जुन्या नोटिशींत तारखेऐवजी शके आणि तिथी असते. शक अधिक ७८, आणि जानेवारी ते पाडव्याच्या आधीची तिथी असेल तर ७९. शके १८६१ दिसलं तर तुमचं वर्ष बरोबर.

नारायणपेठी

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खूप खूप आभार. काल आत्याला फोन केला. तिला आठवतंय की तिच्या लहानपणी दिवाळीत तळेगावहून एक 'काकू आजी' यायच्या, लाल आलवण नेसलेल्या, आणि ओसरीवरच बसायच्या. घरातलं कुणी फारसं बोलायचं नाही पण पणजोबा स्वतः उठून त्यांना पाणी द्यायचे. मुलाचं तिला काही माहीत नाही.

शनिवारी सिटी सर्व्हेला जाणार होते पण ऑफिस बंद असेल म्हणून सोमवारी रजा टाकलीये. त्याआधी फाटक्या घडीचा मागून उजेड देऊन फोटो काढते आणि इथे टाकते. 'चि.' नंतर मला 'द' किंवा 'ह' चा वरचा भाग वाटतोय, तुम्ही बघून सांगा.

दिवाणी_दावा

टाका फोटो. आणि तळेगाव नुसतं लिहून घेऊ नका, आत्याला विचारा दाभाडे की ढमढेरे, दोन्हीकडचे तालुके वेगळे, सबरजिस्ट्रारही वेगळे.