देवगडच्या घरासाठी काँक्रीटची वाट : ठेकेदाराकडून काय लिहून घ्यावे?

चाकरमानी (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमचे जुने चिरेबंदी घर आहे. रस्त्यापासून खळ्यापर्यंत, म्हणजे घरापुढच्या अंगणापर्यंत, सुमारे 100 फूट लांब आणि 10 फूट रुंद अशी चढणीची पाणंद असून तिच्यातले जांभ्याचे दगड पावसाळ्यात इतके शेवाळतात की, गेल्या गणपतीत मूर्ती घेऊन येताना भाऊ पाय घसरून गुडघ्यावर बसला. मूर्ती वाचली, गुडघा फुटला. गाडी दारापर्यंत यावी आणि आईवडिलांना निर्धास्त चालता यावे, म्हणून तेथे काँक्रीट करण्याचे ठरवले आहे.

गावाजवळच्या एका ठेकेदाराने उक्ता आकडा सांगितला. त्याच्या चिठ्ठीवर ‘काँक्रीट वाट, मालासह, पूर्ण’ एवढेच शब्द आहेत. निम्मी रक्कम उचल म्हणून हवी आहे आणि काम मे महिन्यात करू, तेव्हा तुम्हीही गावी असता, असे त्याचे म्हणणे आहे. बेणणी (गवत-झुडपे काढणे), गटारे आणि शेवाळ यांचे वर्षाचे कामही त्यालाच द्यावे, असाही त्याचा आग्रह आहे. काय करावे?

निवृत्त ओव्हरसिअर, रत्नागिरी

चिठ्ठीवर जाडी नाही, हा तिच्यातला मोठा दोष आहे. आपल्या वाटेचे क्षेत्र 1000 चौरस फूट होते. 6 इंच जाडी धरली तर 500 घनफूट, म्हणजे 5 ब्रास (सुमारे 14.15 घनमीटर) काँक्रीट लागेल. 1 भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि 3 भाग खडी या प्रमाणाला घनमीटरमागे साधारण 8 पोती लागत असल्याने सिमेंटची सुमारे 113 पोती होतात. तीच वाट 4 इंचांची केली तर 75 पोत्यांत भागते आणि वरून पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक दिसत नाही. गाडी न्यायची असेल तर 6 इंच लिहून घ्यावेत. काँक्रीट ओतण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या फळ्यांवरून आडवी दोरी ताणावी आणि दोरीपासून सोलिंगपर्यंतची (खालच्या दगडांच्या थरापर्यंतची) खोली चार-पाच ठिकाणी पट्टीने मोजावी. ओतून झाल्यावर मोजण्यासारखे काही उरत नाही.

त्याहून आधी, पाणी कुठे जाणार ते ठरवा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आजवर जांभ्याच्या फटींतून जिरणारे पाणी उद्या काँक्रीटवरून धावत सुटेल. वाटेला एका बाजूस फुटाला पाव इंच उतार द्यावा, त्या कडेला गटार काढावे आणि खळ्याच्या तोंडाशी जाळीचे आडवे गटार घ्यावे. खाली रस्त्याच्या गटारावर मोरीचा पाईप टाकावा लागेल. तो रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे पाहून त्यांची परवानगी आधीच घ्यावी.

चढणीवर काँक्रीट खालून वर ओतत न्यावे आणि ते घट्टच असावे. कामगारांना पसरायला सोपे जावे म्हणून मिक्सरमध्ये बादलीभर पाणी जास्त पडते, तेथेच ताकद जाते. पोत्यामागे 30 लिटरच्या वर पाणी जाऊ देऊ नये. पृष्ठभाग थापीने गुळगुळीत करू देऊ नका. ओले असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढून घ्या, म्हणजे पावसात पाय आणि टायर दोन्ही धरतील. दर 10 ते 12 फुटांवर सांधा (भेग ठरलेल्या जागी जावी म्हणून आडवी खाच) हवा, आणि तो कटरने पाडायचा तर दुसऱ्याच दिवशी, जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतका खोल.

वेंगुर्ल्याची सून

मे महिन्याच्या बाबतीत आमचा अनुभव सांगते. आमच्या खळ्याचे काम असेच मे महिन्यात उरकले. विहीर तळाला गेली होती, त्यामुळे ठेकेदाराच्या माणसांनी दोन दिवस पाणी शिंपडले आणि तिसऱ्या दिवसापासून कोणी फिरकले नाही. पंधरवड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या. चालताना चपलांना राखाडी पूड लागे आणि सासूबाई ती पायपुसण्यावर झटकत रोज त्या ठेकेदाराचा उद्धार करीत. शिवाय नवे खळे पडवीच्या उंबऱ्यापेक्षा बोटभर उंच झाले होते. पहिल्या झडीलाच पाणी पडवीत आले आणि पाटावरचे तांदूळ भिजले. ठेकेदाराचे उत्तर असे, की पाऊसच जास्त होता.

खाडीची रेती स्वस्त पडते म्हणून सुचवली जाईल. तिच्यात मीठ असते. आत लोखंड घालणार असाल तर ती मुळीच घेऊ नका.

चाकरमानी

धन्यवाद. डिसेंबरात केले तर मी दोनच दिवस येऊ शकेन. मग पाण्याची आणि पैशांची व्यवस्था कशी लावावी? लोखंडी जाळी घालावी का?

निवृत्त ओव्हरसिअर, रत्नागिरी

डिसेंबरच बरा, विहिरीला पाणी असते आणि ऊनही मवाळ असते. आपले दोन दिवस सोलिंग-फळ्या तपासण्याचा एक आणि ओतण्याचा एक, असे ठेवावेत. आपल्या भागात बहुधा पोर्टलँड पोझोलाना सिमेंट मिळते. त्याला किमान 10 दिवस, शक्यतो 14 दिवस ओलावा लागतो. चढणीवर आळी करून पाणी साठत नाही, म्हणून गोणपाट किंवा भाताचा पेंढा पसरून तो सकाळ-संध्याकाळ भिजवावा. हे काम ठेकेदाराच्या भरवशावर न ठेवता गावातल्या माणसाला स्वतंत्र मजुरीवर द्यावे. 28 दिवस तरी चिऱ्यांचा ट्रक वर चढू देऊ नये.

पाया घट्ट आणि सांधे वेळेवर असतील तर जाळीची गरज नाही. निम्मी उचल मात्र देऊ नये. माल जागेवर उतरल्यावर काही रक्कम, खोली मोजून झाल्यावर काही, ओतल्यावर बरीचशी आणि दहावा हिस्सा पहिला मोठा पाऊस वाहून गेलेला पाहिल्यावर, असे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. चांगला ठेकेदार एवढ्यावर अडून बसत नाही.

राजापूरचा बागायतदार

वर्षाच्या देखभालीचे काम या ठेकेदाराला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याच कामातली भेग दाखवून देणारा माणूस अजून मला भेटलेला नाही. मृगापूर्वी गटारे आणि पन्हाळी साफ करणे, गणपतीआधी शेवाळ घासणे आणि दिवाळीनंतर बेणणी, ही तीन कामे वाडीतल्या माणसाकडून त्या-त्या वेळी करून घ्यावीत व पैसे काम पाहून द्यावेत. शेवाळाला ब्लीचिंग पावडर आणि ताठ ब्रश पुरतो. ते पाणी विहिरीकडे किंवा पोफळींच्या आळ्यांत जाऊ देऊ नये. फरशी धुण्याचे ॲसिड काँक्रीटवर ओतू नये, ते सिमेंटच खाते. वाटेकडेला आंबा किंवा फणस असेल तर बुंध्याभोवती मोकळी माती सोडावी, नाहीतर मुळे काँक्रीट उचलतील.

चाकरमानी

आज ठेकेदाराशी बोललो. डिसेंबरला तो तयार आहे आणि गटारही लिहून देईल. 6 इंच लिहून द्यायचे म्हटल्यावर मात्र त्याने आकडा वाढवून मागितला. आधीच्या आकड्यात किती इंच धरले होते, असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘गावात सगळीकडे तेवढेच करतात.’ दुसऱ्या दोघांकडून जाडीसह दर मागवले आहेत.