दिव्यांग असूनही 1500च जमा होत आहेत, 2500 कसे मिळतील?

वाटाड्या
शेजारच्या काकूंसाठी विचारतोय. वय 43, पती हयात नाहीत, पोलिओमुळे 55 टक्के अपंगत्व. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे दरमहा येतात, पण 1500च. दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून 2500 झाले ना? बँक म्हणते आधार लिंक आहे, तहसीलमध्ये म्हणतात बँकेत विचारा. तेल, डाळ, गॅस सगळंच महागलंय. नेमकं कुठे अडलंय?

सुपारी_बाग
1500 नियमित येतात ना? मग बँकेचा दोष नाही. आधी त्यांची नोंद कोणत्या प्रवर्गात आहे ते बघा. पतीच्या निधनानंतर अर्ज केला असेल तर यादीत त्या 'विधवा' म्हणून असणार. वाढीव हजार रुपये फक्त दिव्यांग म्हणून नोंद असलेल्यांना आहेत. अपंगत्व कितीही असो, यादीत ते दिसत नसेल तर रक्कम बदलत नाही.

तहसीलच्या संजय गांधी शाखेत प्रवर्ग बदलाचा साधा अर्ज द्या. सोबत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), आधार, पासबुकाचं पहिलं पान आणि चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत फिरू नका. तोंडी सांगितलेलं कुणाच्याही लक्षात राहत नाही.

कार्डाचा रंगही बघा. 40 ते 79 टक्क्यांना पिवळं, 80 आणि वर निळं. पांढरं म्हणजे 40च्या आत, त्यावर हा लाभ नाही. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदतीची तारीख तपासा. आणि आधारवर 'सुमन', यूडीआयडीवर 'सुमनबाई' असा फरक असला तर तो आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर पडताळणीत तिथेच अडकतं.

रानवारा
ज्यांचे पैसे अजिबातच येत नाहीत त्यांच्यासाठी: 'आधार लिंक' आणि 'डीबीटीसाठी सीडिंग' (सरकारी पैसे थेट ज्या खात्यात पडतात ते खातं आधारशी जोडणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली की बँक लिंक झालं म्हणते, पण त्याने एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडे, त्या खात्याची नोंद होत नाही. त्याचा संमती फॉर्म वेगळा भरावा लागतो. माय आधार संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा, तिथे जी बँक दिसेल तिथेच पैसे जातात. शेवटी सीड केलेलं खातंच चालू राहतं. कुणी मध्येच नवं खातं काढून दिलं असेल तर पैसे तिकडे पडून असतात आणि माणूस जुन्या पासबुकात एंट्री मारत बसतो.

वाटाड्या
कार्ड पिवळं आहे. पण मुलगा कामाला लागलाय, उत्पन्नाचा दाखला 50 हजारांच्या मर्यादेवर जाईल असं वाटतं. आणि लाडकी बहीण वेगळी मिळेल का?

सुपारी_बाग
दुसऱ्या योजनेतून 1500 किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. तो अर्ज करू नका.

उत्पन्नाची अडचण मात्र खरी. दिव्यांगांसाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला 50 हजार, म्हणजे महिन्याला जेमतेम 4,166 रुपये. घरात एक जण रोजंदारीला गेला तरी ती ओलांडते. रक्कम वाढवली हे चांगलंच झालं, पण मर्यादा वाढत नाही तोवर गरजू माणूस दारातच अडतो. खोटा दाखला कुणी सुचवला तर ऐकू नका, वसुली निघाली तर काकूंच्याच गळ्यात येईल.

पाणवठा
2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 24 सांगतं की अशा योजनेत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त मिळायला हवेत. इतरांना 1500, म्हणजे यांना निदान 1875. तरी ऑक्टोबर 2025 पर्यंत दोघांना सारखेच मिळत होते. केंद्राचा वाटा तर 80 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालच्यांनाच, आणि तोही 2012 पासून 300च. निवेदन देणार असाल तर हे कलम नावानिशी लिहा.

दाखला मर्यादेबाहेर गेलाच तर ग्रामपंचायतीत 5 टक्के दिव्यांग निधीसाठी लेखी अर्ज करा. तो स्वउत्पन्नातून राखून ठेवायचा असतो. किती जमा झाला, किती खर्च झाला हे ग्रामसभेत विचारून इतिवृत्तात नोंदवून घ्या. मार्चअखेरीस धावाधाव करण्यापेक्षा अर्ज आत्ताच द्या.