दुसा (दोन दाती) खोंड चैत्राच्या जत्रेतल्या बैलांच्या शर्यतीत पळवायचाय, तयारी कशी करू?

कादवाकाठ (निफाड तालुका):
राम राम मंडळी. २०१४ ला शर्यतबंदी आली तेव्हा आजोबांनी पळाऊ जोडी विकली. त्यानंतर दावणीला पळणारं जनावर आत्ताच आलंय. खिल्लार खोंड, पोळ्याच्या सुमारास दुसा झाला. द्राक्षाचा माल उतरला की खरड छाटणीच्या आधी पंधरा-वीस दिवस मिळतील. पळायला सुसाट आहे, पण डीजे वाजला की बिथरतो. तेवढ्या दिवसांत होईल का?

सिन्नरकर:
भाऊ, यंदा नको उतरवू. बंदी उठल्यावर २०२२ ला मी हीच घाई केली. सुटायच्या जागी भोंगा वाजला, खोंड पट्टी (धावेची वाट) सोडून शेजारच्या कांद्यात घुसला, पुढचा पाय मुरगळला. दोन महिने रोज शेकत बसलो. पाय बरा झाला, पण जू दिसलं की मान फिरवायचा तो कायमचाच. फार जीव लावला होता त्याला.
आधी दुसऱ्यांच्या मैदानावर घेऊन जा. लांब झाडाखाली बांध, वैरण टाक, तू जवळ बस. चार-पाच जत्रा तरी अशा जाऊ दे. घरी ढेकळाच्या रानात, ऊन चढायच्या आत, रिकामा छकडा ओढू दे. नदीला पाणी असेल तर पोहणी घाल, छाती भरते. आणि हाक एकाचीच ठेव, तुझी.

गोठा_नाशिक:
कागदाचंही बघा. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली ती अटी घालूनच. धाव १००० मीटरच्या आत, आयोजकाची ५०,००० रुपये अनामत, बैलाची डॉक्टरकडून तपासणी. काठी, चाबूक, शॉक अजिबात चालत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी डोळ्यांनी बघितल्याशिवाय खोंड टेम्पोतून खाली घेऊ नका.

कादवाकाठ:
सिन्नरकर दादा, तुमचं आजोबांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून खोंडाच्या पाठीवरून हात फिरवून आले. या चैत्रात नुसता हिंडवून आणतो. शेजारच्या मळ्यात एक शांत चौसा (चार दाती बैल) आहे, जुवाला उजवीकडे चालतो. माझा डावीकडचा. दोघं एका गव्हाणीला खातात का, ते उद्या बघतो.