अनुभव धागा : पडदा काळा पडला, पण फॉरमॅट केला नाही

आमच्या वणी तालुक्यात संगणकाचा पडदा काळा पडला, की दुरुस्तीवाल्याचे पहिले वाक्य ठरलेले असते : "फॉरमॅट मारावं लागते भाऊ." लिनक्स (विंडोजच्या जागी वापरायची खुली प्रणाली) असलेल्या यंत्रावर हा उपाय बहुतेक वेळा अनाठायी असतो, कारण पडद्यावर काही दिसत नसले तरी आतली सगळी व्यवस्था चालू असते आणि दुखणे तेवढे ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचे, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे असते. याची खातरजमा फुकटात होते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकदम दाबल्यावर लॉगिन मागणारी पांढरी ओळ आली, तर यंत्र जिवंत आहे असे समजावे.

ज्यांनी फॉरमॅट न करता असा बिघाड निस्तरला, अशा काही जणांना येथे मुद्दाम लिहायला सांगितले आहे. पडद्यावर नेमके काय दिसले, त्याआधी काय बदलले होते आणि शेवटी कशाने फरक पडला, एवढे सांगावे. वाया गेलेले दिवसही लपवू नयेत, ही विनंती.

सुरुवात माझ्यापासून करतो. एनव्हिडिया कार्ड असलेल्या एका जुन्या डेस्कटॉपवर मिंट (लिनक्सचा एक प्रकार) टाकताना लोगो दिसला आणि पुढे अंधार झाला. पुन्हा सुरू करून ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत 'ई' दाबले, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या लांब ओळीत 'क्वाएट स्प्लॅश' होते त्याच्यापुढे 'नोमोडसेट' एवढा एकच शब्द लिहिला, एफ१० दाबले आणि पडदा उजळला. पडद्याची मांडणी तू स्वतः करू नकोस, फर्मवेअरने (मदरबोर्डातल्या मूळ प्रोग्रॅमने) दिलेल्या साध्या चित्रावर भागव, असे त्या शब्दाने कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगितले जाते. ही सोय खरा ड्रायव्हर बसेपर्यंतचीच आहे. ती कायमची ठेवल्यावर काय होते, ते ब्रह्मपुरीच्या भाऊंनी खाली लिहिले आहे.

शिक्षिका, दारव्हा तालुका

आमच्या शाळेत दान म्हणून मिळालेले सात डेस्कटॉप आहेत आणि सर्वांवर उबंटू हे लिनक्स आहे. त्यांपैकी दोघांत एनव्हिडियाचे जीटी ६१० हे कार्ड आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी मी सर्वांवर अपडेट लावले आणि ते अर्ध्यावर असतानाच लाईन गेली. लाईन आल्यावर पाच यंत्रे सुरळीत सुरू झाली. जीटी ६१०ची दोन मात्र लोगोनंतर काळ्या पडद्यावर थांबली.

मी सगळा दोष लाईनीला दिला, आणि त्यात थोडे तथ्यही होते, कारण एफ३च्या मजकुरी पडद्यावर जाऊन डीपीकेजीची (पॅकेजे बसवणाऱ्या प्रोग्रॅमची) 'कॉन्फिगर' आज्ञा दिली तेव्हा अर्धवट राहिलेली बरीच पॅकेजे पूर्ण बसली. तरीही पुन्हा सुरू केल्यावर काळोख तसाच होता. मग सुरू होताना शिफ्ट कळ धरून ग्रबची यादी आणली (नव्या यूईएफआय यंत्रांवर त्यासाठी एस्केप दाबावे लागते), प्रगत पर्यायांत जाऊन आधीचा कर्नल निवडला, आणि लॉगिनचा पडदा नेहमीसारखा समोर आला. म्हणजे कार्ड ठीक होते, केबल ठीक होती, आणि बिघाड नव्या कर्नलबरोबरच आला होता.

एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर कर्नलचा भाग नसतो. दर नव्या कर्नलबरोबर डीकेएमएस नावाची व्यवस्था त्याचे मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) नव्याने बांधते. पुष्कळदा कर्नलची हेडर पॅकेजे (बांधणीला लागणाऱ्या फाइली) नसल्याने ही बांधणी अडते, म्हणून मी ती आधी पाहिली. ती जागेवर होती. बांधणीची नोंद उघडली तर तिच्यात 'एरर'च्या ओळी एकीखाली एक लागलेल्या होत्या. जीटी ६१० हे फर्मी पिढीचे कार्ड आहे, त्याला ३९० ही ड्रायव्हर मालिका लागते, आणि त्या मालिकेचा आधार एनव्हिडियाने २०२२च्या अखेरीस थांबवला आहे. आमचा नवा कर्नल त्या जुन्या ड्रायव्हरच्या पुढे निघून गेला होता. शिवाय एनव्हिडियाचे पॅकेज बसताना नूव्हो या खुल्या ड्रायव्हरला अटकाव करून ठेवते. त्यामुळे बंदिस्त ड्रायव्हर बांधला गेला नाही आणि खुल्याला उठण्याची परवानगी नाही, अशी दोन्हीकडून कोंडी झाली होती.

एनव्हिडियाची सर्व पॅकेजे काढली, तेव्हा नूव्हो आपोआप उभा राहिला आणि त्यानंतर आजवर तक्रार नाही. फर्मीची कार्डे नूव्होवर सुरुवातीच्या कमी वेगानेच चालतात, त्यामुळे जड खेळ चालत नाहीत. मुलांना हा तोटा वाटतो, मला वाटत नाही.

सेवा केंद्र चालक, वरुड परिसर

माझा पडदा काळा पडला नव्हता, फक्त ताणलेला दिसत होता. मॉनिटर १३६६ गुणिले ७६८चा, आणि सेटिंगमध्ये १०२४ गुणिले ७६८च्या वर काही मिळेना. अक्षरे जाडजूड दिसत, ऑनलाइन अर्जाचे खालचे बटण पडद्याबाहेर जाई, आणि समोर बसलेले काकाजी विचारत, "आमचा अर्ज एवढा लट्ठ काहून दिसते?"

एक्सआर-अँड-आर या आज्ञेने नवे माप घालायचे ठरवले. त्यासाठी लागणारे आकडे सीव्हीटी ही आज्ञा काढून देते. पण तिला १३६६ सांगितले की ती १३६८ देते, कारण ती रुंदीला आठाने भाग जाईल असेच माप धरते. मला वाटले माझेच टंकन चुकले, आणि त्यात एक संध्याकाळ गेली. १३६८वर चित्र आले, पण दर लॉगिनला माप परत लहान होई, म्हणून त्या आज्ञेच्या तीन ओळी होम फोल्डरमधील 'एक्सप्रोफाइल' या लपलेल्या फाइलमध्ये टाकल्या. हा उपाय एक्स-११ या जुन्या पडदा-व्यवस्थेच्या सत्रातच लागू पडतो. वेलँड या नव्या व्यवस्थेच्या सत्रात या फाइलींचा उपयोग होत नाही.

खरे कारण दोन महिन्यांनी केबल काढली तेव्हा दिसले. मॉनिटर आपली मापे ईडीआयडी या माहितीच्या रूपाने संगणकाला सांगतो, आणि व्हीजीए केबलीत ती माहिती १२ व १५ क्रमांकांच्या टाचण्यांतून जाते. माझ्या केबलीची तिसऱ्या ओळीतील दुसरी, म्हणजेच बारावी टाचणी वाकून शेजारणीला टेकली होती. (नववी टाचणी पुष्कळ केबलींत मुळातच नसते, ती तुटली समजून घाबरू नये.) नवी केबल लावल्यावर १३६६ आपोआप दिसू लागले आणि मी त्या तीन ओळी पुसून टाकल्या.

विद्यार्थी, ब्रह्मपुरी तालुका

'नोमोडसेट' लिहून यंत्र सुरू झाले, या आनंदात मी तो शब्द ग्रबच्या फाइलमध्ये कायमचा लिहून ठेवला. पुढचे तीन महिने साधा व्हिडिओही अडखळत होता आणि पंखा सतत घोंघावत होता. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून उन्हामुळे यंत्र तापते असे घरात सर्वांनी ठरवून टाकले होते, आणि मीही टेबल फॅन डब्याकडे वळवून बसत होतो.

शेवटी 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा दिली. इंटेलच्या ग्राफिक्सखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नव्हती. 'जीएलएक्सइन्फो -बी'ने रेंडरर म्हणून 'एलएलव्हीएमपाइप' दाखवले, म्हणजे कार्ड रिकामे बसले होते आणि चित्र काढण्याचे सगळे काम प्रोसेसर करत होता. ग्रबच्या फाइलमधून तो शब्द काढला, 'अपडेट-ग्रब' चालवले, यंत्र पुन्हा सुरू केले आणि त्या जागी 'आय९१५' दिसू लागले. पंखा त्याच दुपारी शांत झाला.

महाविद्यालयीन कर्मचारी, गोंदिया जिल्हा

आमच्या नव्या यंत्रावर एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसला असे दिसत होते, तरी प्रत्यक्षात तो चालू होत नव्हता. बसवताना त्याने एक पासवर्ड ठेवायला सांगितला होता आणि पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा आला होता. तो मी घाईत जाऊ दिला, कारण निळा पडदा म्हणजे काहीतरी बिघडले अशी विंडोजची सवय अंगात मुरलेली होती. तो मॉक, म्हणजे यंत्रमालकाच्या किल्ल्यांच्या, व्यवस्थापनाचा पडदा होता. सिक्युअर बूट (सही नसलेला प्रोग्रॅम अडवणारी सोय) चालू असताना घरी बांधलेल्या मॉड्यूलच्या सहीला तेथे मान्यता द्यावी लागते, आणि १० सेकंदांत कळ दाबली नाही तर तो निघून जातो. मॉकयुटिल या आज्ञेने ती किल्ली पुन्हा पुढे केली, त्या पडद्यावर 'एनरोल मॉक' निवडून ठेवलेला पासवर्ड दिला, आणि काम झाले.

जिनिंगमधील लेखनिक, हिंगणघाट

आमच्या पडद्यावर आडव्या हिरव्या रेघा येत होत्या. मी चार वेळा ड्रायव्हर बदलला. पाचव्या वेळी लक्षात आले की रेघा बायोसच्या पडद्यावरही आहेत, म्हणजे लिनक्स सुरू होण्याच्याही आधी, जेथे ड्रायव्हरचा संबंधच येत नाही. डबा उघडला तर ग्राफिक्स कार्डावर कापसाच्या तुसाचा थर बसून त्याची वाकळ झाली होती. वीज काढून, ब्रशने तूस झाडून, कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसल्या आणि ते पुन्हा घट्ट बसवले. दर हंगामात आता हे करावे लागते.

शेतकरी, मेहकर तालुका

माझा अनुभव लिहायला थोडी लाज वाटते. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले आणि मॉनिटरची केबल मात्र मदरबोर्डाच्या एचडीएमआयलाच ठेवली. माझ्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे, म्हणजे त्याच्यात ग्राफिक्स नसतेच, हे कोणी सांगितले नव्हते. दोन रात्री नाना आज्ञा आंधळेपणाने टंकल्या. तिसऱ्या दिवशी मुलीने केबल काढून खालच्या, म्हणजे कार्डाच्या, भोकात लावली.

आरोग्यसेविका, धानोरा तालुका

माझा प्रश्न सुटलेला नाही, तरी लिहिते. एएमडीच्या प्रोसेसरवर मिंट आहे. संगणक झोपवून उठवला, की चारपैकी एखाद्या वेळी पडदा काळाच राहतो आणि कंट्रोल, ऑल्ट, एफ३नेही काही दिसत नाही. बटण दाबून बंद करण्यावाचून इलाज उरत नाही.

धागाकर्ता

ताई, पुढच्या वेळी असे झाले की बटण दाबण्याआधी कॅप्स लॉकची कळ दोन-तीनदा दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का, ते पाहावे. मग यंत्र बंद करून सुरू करावे आणि लगेच 'जर्नलसीटीएल -के -बी -१' ही आज्ञा द्यावी. तिच्यात आधीच्या वेळच्या कर्नलच्या नोंदी मिळतात. त्यांतील 'एएमडीजीपीयू' हा शब्द असलेल्या शेवटच्या ओळी आणि 'युनेम -आर'ने दिसणारा कर्नलचा क्रमांक येथे उतरवावा. दिवा लागत असेल तर फक्त पडदा उठत नाही आहे आणि नव्या कर्नलवर तपासून पाहता येईल. लागत नसेल तर कर्नलच गोठतो आहे, आणि आपल्याला आधी बायोसच्या अपडेटकडे पाहावे लागेल.