आईला दाखवायला जुना इंग्रजी पिक्चर सुचवा (तिला इंग्रजीचा गंध नाही)

केजचा_फोंडावाला

रामराम मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी जरा ऐकून घ्या.

केजला बसस्टँडजवळ माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. दिवसभर डिस्प्ले बदलायचे, चार्जिंग पॉईंट टाकायचे, 'काही नाही दादा, फक्त पाण्यात पडलाय' हे ऐकायचं. रात्री साडेनऊला शटर ओढलं की एकच नाद, जुने हॉलीवूडचे पिक्चर. माझी इंग्रजी बेताचीच. खाली ओळी येतात त्या वाचत, अडलं की थांबवत बघतो. दीड तासाचा पिक्चर मला अडीच तास पुरतो.

नाद लागला हॉस्टेलात. औरंगाबादला शिकायला होतो (तेव्हा औरंगाबादच म्हणायचो). कुणीतरी सीडीवर 'एक रुका हुआ फैसला' लावला, बासू चटर्जींचा. पोरं एकेक करून उठून गेली, मी तेवढा राहिलो. मग कळलं की हे मूळ १९५७ च्या '१२ अँग्री मेन'वरनं घेतलंय. शोधून बघितला. ९६ मिनिटं, जवळजवळ सगळा वेळ एकच खोली, खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवायला बसलेली घामेजलेली बारा माणसं. आरोपी पोरगं दोषी म्हणून अकरा जण हात वर करतात आणि हेन्री फोंडा करत नाही. भांडत नाही, टेबल आपटत नाही. पोराचा जीव जायचाय तर बसून बोलू तरी, एवढंच त्याचं म्हणणं. त्या दिवसापासून मी फोंडाचा.

मग एका नटाचं बोट धरून दुसऱ्याकडं. फोंडाचा जवानीतला खोलीतला जोडीदार जेम्स स्ट्यूअर्ट, म्हणून 'रिअर विंडो' (१९५४). पाय प्लास्टरमध्ये, खिडकीत बसून समोरच्यांच्या घरात बघत राहतो. मी दुकानात बसून वेगळं काय करतो? त्यात ग्रेस केली, म्हणून तिचा 'हाय नून' (१९५२). ८५ मिनिटांत गॅरी कूपर गावात दारोदार फिरतो, गुंडांशी लढायला कुणीतरी सोबत या म्हणून, आणि घड्याळ पुढं सरकत राहतं. एकेकाची कारणं ऐका, आपल्याच गल्लीतली वाटतात. बायांमध्ये माझी बार्बरा स्टॅनविक. 'द लेडी ईव्ह'मध्ये (१९४१) तिनं फोंडाला पार येडं करून सोडलंय. सापांचा अभ्यास करणारा श्रीमंत बावळट, आणि तिच्यासमोर आला की धडपडतो. एवढा गंभीर नट असा तोंडावर आपटायलाय, हे बघून मी एकटाच रात्री बारा वाजता हसायलो होतो. ग्रेगरी पेक मला तितका चढत नाही. माणूस भला, पण सतत इस्त्री केल्यासारखा. शिव्या घालायच्या तर घाला.

आता मुद्दा. माझे आईवडील पंचवीस हंगाम ऊसतोडीला गेले. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, तिकडंच. मी आजीपाशी. वडील आता नाहीत. आई माझ्याकडं असते, गुडघ्यांनी बेजार. रात्री माझ्यामागं खाटेवर पडून विचारते, 'रोज त्या गोऱ्या लोकांचं काय बघतोस रे?' मला तिला सांगायचंय काय बघतो ते.

माझ्या डोक्यात 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' आहे, १९४० चा, जॉन फोर्डचा. ओक्लाहोमातलं कुळाचं शेत, पाऊस नाही, धूळ. कंपनीचा ट्रॅक्टर घरावरून जातो आणि 'जोड' आडनावाचं कुटुंब जुन्या ट्रकवर बिऱ्हाड लादून कॅलिफोर्नियाला फळं तोडायला निघतं. फोंडा त्यांचा पोरगा, टॉम. पण १२९ मिनिटं, भरपूर बोलणं, आणि विषय हा असा. दाखवू का? का दुसरं काही सुचवता?

मॉर्निंग_शो_सव्वा_रुपया

अहो केजकर, पेकला इस्त्री म्हणता? पुढच्या भेटीत चहा तुमच्याकडून.

वय वर्षे ७१, बँकेतून निवृत्त, मुक्काम संभाजीनगर. आमच्या वेळी इंग्रजी पिक्चर म्हणजे रविवारचा मॉर्निंग शो. हॉलमध्ये इंग्रजी समजणारे दहा-पंधरा असतील. ते हसले की बाकीचे हसायचे. 'मॅकेनाज गोल्ड' (१९६९) मी सात वेळा बघितला आणि संवाद आजही येत नाहीत. काही अडलं नाही. सुरुवातीलाच आभाळात गिधाड, खाली तापलेला खडक. आम्हाला वाटायचं, अरे हे तर आपल्याकडचं ७२ साल! मग तो उगवत्या उन्हाचा क्षण. सुळक्याची सावली जमिनीवरून सरकत-सरकत जाते आणि सोन्याची वाट दाखवते. त्या वेळी हॉलमध्ये बिड्यासुद्धा विझायच्या. ओमर शरीफ हसत-हसत जीव घेतो तोही त्यातच.

आईंना तोच लावा. रंगीत आहे, घोडे आहेत, शेवटी डोंगर कोसळतो. आयुष्यभर कष्ट काढलेल्या बाईला पुन्हा ट्रकवरचं बिऱ्हाड कशाला दाखवता?

गोदाकाठची_बाई

मीही हेच म्हणणार होते. नांदेडला शाळेत शिकवते. आठवीच्या वर्गाला दरवर्षी चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' (१९३१) दाखवते. तेव्हा बोलपट येऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी या माणसाने हट्टाने मुका काढला. भाषेचा प्रश्नच मिटला. शेवट माहीत असेलच. आंधळ्या फुलवालीला दृष्टी आलीय. फाटका माणूस समोर उभा आहे, ती दया म्हणून त्याला फूल नि नाणं देते, आणि त्याचा हात हातात आल्यावर बोटांना ओळख पटते. डोळे असून ओळखलं नाही, हातानं ओळखलं. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा तिथं गप्प होतात.

तो नको असेल तर 'रोमन हॉलिडे' (१९५३). सत्याच्या तोंडात हात घालायचा प्रसंग, जिथं पेक हात तुटल्यासारखं करतो. त्यानं हात बाहीत लपवायचं ऑड्री हेपबर्नला आधी सांगितलं नव्हतं, ती खरीच किंचाळलीय. (केजकर, तुमचा इस्त्रीवाला बघा.) आईंना हसू द्या हो दादा.

लातूरचा_खवट

हॉलीवूड कशाला? 'मदर इंडिया' लाव. विषय संपला.

केजचा_फोंडावाला

खवटराव, 'मदर इंडिया' तिला पाठ आहे, गाण्यांसकट.

काका, ताई, तुमचं पटतंय पण पूर्ण नाही. 'हसू द्या' बरोबर आहे. पण आईला आम्ही नेहमी असंच करतो. बातम्यांत ऊसतोडीचं काही आलं की चॅनल बदलतो, तिला त्रास नको म्हणून. तिला विचारलं कुणीच नाही.

शिवाय 'ग्रेप्स'मध्ये एक जागा आहे, तिथं भाषा लागतच नाही. निघायच्या पहाटे आई, म्हणजे जेन डार्वेल, चुलीपाशी बसून जुनं खोकं उघडते. पत्रं, कात्रणं, एकेक बघून जाळात टाकते. मग दोन कानातले हाताला लागतात. ती ते कानांशी धरून अंधुक काचेत स्वतःकडं बघते. एक शब्द नाही. कॅमेरावाला ग्रेग टोलंड, पुढच्याच वर्षी त्यानं 'सिटिझन केन' केला. चेहऱ्यावर उजेड म्हणाल तर जेमतेम, आणि तरी सगळं दिसतं. डार्वेलला त्या कामाचं ऑस्कर मिळालं, फोर्डलाही.

फोंडाला नाही. त्या वर्षी ते गेलं 'फिलाडेल्फिया स्टोरी'साठी स्ट्यूअर्टला, जोडीदारालाच! त्यात नायिका कॅथरिन हेपबर्न. आणि फोंडाला अखेर मिळालं 'ऑन गोल्डन पाँड'साठी, १९८२ च्या सोहळ्यात, तेही याच हेपबर्नबाईबरोबरच्या कामाचं. तेव्हा तो आजारी होता, पोरीनं जाऊन घेतलं. पाच महिन्यांत गेला.

रविवारी लावतो. आवाज बारीक ठेवून मीच मराठीत सांगत जाणार. काय होतं ते कळवतो.

गोदाकाठची_बाई

मग दोन भागांत दाखवा, गुडघ्यांचा विचार करा. आणि सांगताना समजावू नका, फक्त सांगा. मास्तरकीचा अनुभव आहे.

केजचा_फोंडावाला

दाखवला. सविस्तर लिहितो, दुकानात आज गिऱ्हाईक नाही.

पहिल्या पंधरा मिनिटांत ती झोपली असं वाटलं. मग ट्रॅक्टरचा प्रसंग आला. म्युली नावाचा शेतकरी बंदूक घेऊन दारात उभा, आणि ट्रॅक्टरवर कोण, तर शेजाऱ्याचंच पोरगं, तीन डॉलर रोजानं. गोळी घालायची तर कुणाला? कंपनीला? बँकेला? मी सांगायलो, आणि मागून आवाज आला, 'आपला मुकादम निदान डोळ्यासमोर तरी होता.' बघतो तर ती उठून बसलेली.

त्यानंतर मला सांगायची फारशी गरजच पडली नाही. उलट तीच सांगायली. ट्रक भरताना म्हणे, 'तवा कुठं ठेवला? तवा वर ठेवावा लागतो, संध्याकाळी पहिला तोच लागतो.' मग माणसं मोजली, बारा-तेरा. 'म्हातारी टिकायची नाही,' म्हणाली. आणि म्हातारी खरंच वाटेत जाते. चौकीवर ट्रक अडवतात तेव्हा पिक्चरमधली आई सांगते, सासू लई आजारी आहे, सोडा. गेलेल्या सासूशेजारी ती रात्रभर पडून असते आणि कॅलिफोर्निया दिसल्यावरच घरच्यांना सांगते. मला हे आईला कसं सांगावं कळेना, मी थांबलो. तिला आधीच कळलं होतं. 'पोरांना पोचू दिलं तिनं,' एवढंच बोलली. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो.

हॉटेलातला प्रसंग तिनं परत लावायला लावला. बाप दहा सेंटचा पाव मागतो, पाव पंधराचा. बाई कुरकुरत का होईना, देते. मग लेकरं काचेतल्या गोळ्यांकडं बघायलीत. बाप भाव विचारतो, ती म्हणते पैशाला दोन. तो खूश होऊन घेतो. ते गेल्यावर ट्रकवाला तिला टोकतो की त्या गोळ्या पाच-पाच सेंटच्या होत्या. आई म्हणाली, 'त्याला कळू दिलं नाही, हे चांगलं केलं.' मग तिकडच्या एका दुकानदारिणीची गोष्ट सांगितली, कारखान्याच्या गेटपाशी, जी तिला गूळ मापाच्या वर द्यायची. मी चाळीस वर्षांचा आहे, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली.

मध्ये लाइट गेली. पाऊण तास अंधारात बसलो. उद्या बघू म्हणलं तर म्हणे, 'कामून? येईल की.' तुमचे दोन भाग राहिले, ताई.

पीच तोडायची मजुरी पेटीमागं पाच सेंट ठरते आणि संप मोडला की अडीच होते, तिथं तिनं मला भाषांतर करू दिलं नाही. हातानंच गप्प केलं.

कानातल्यांच्या प्रसंगावर मात्र काहीच बोलली नाही. मी एवढी वाट बघितली होती त्याची. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो. ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती, बास.

आणि शेवट तिला आवडला नाही! टॉम रात्री आईचा निरोप घेऊन जातो इथवर ती खिळली होती. त्यानंतर ट्रकमध्ये आई बापाला मोठं भाषण देते, आपण संपणार नाही वगैरे. हिनं तोंड वाकडं केलं. 'पोरगं गेल्यावर एवढं बोलतं का कुणी?'

मॉर्निंग_शो_सव्वा_रुपया

माझा सल्ला मागे घेतो.

आणि ऐका. तो भाषणाचा शेवट निर्माता झॅनक यानं जोडलेला. फोर्डच्या मनात पिक्चर टॉमच्या जाण्यावर संपत होता. पहाटेच्या आभाळाखाली टेकडी चढणारी ती बारीक आकृती आठवा. आईंना सांगा, त्यांचं आणि दिग्दर्शकाचं एकमत आहे.

लातूरचा_खवट

पुढच्या रविवारी काय लावणार?

केजचा_फोंडावाला

तिनं फर्माईश केलीय. 'आता घोड्याचा, मारामारीचा लाव. आणि हे रडतोंडं पोरगं नको त्यात.' म्हणजे माझा फोंडा.

काका, 'मॅकेनाज गोल्ड' शोधायलोय. पेकच्या नावानं चहा माझ्याकडं लागला.